कोऱ्या कार्डांचा सोस

जुन्या चित्र-पोस्टकार्डांच्या बाजारात एक नियम आहे. कार्ड कोरं असेल तर भाव जास्त. मागे कुणी चार ओळी लिहिल्या असतील तर भाव उतरतो. चित्राच्या बाजूला शाई लागली असेल किंवा शिक्का उमटला असेल, तर ते कार्ड टेबलाखालच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जातं आणि खोक्यावर चिठ्ठी लागते, 'कुठलंही घ्या'. कोऱ्या कार्डाला मात्र प्लास्टिकचा अंगरखा, वर लेबल, आणि विकणारा हात लावू देईल तर शपथ.

हा नियम सगळे पाळतात. का पाळायचा, असं विचारलं की एकच उत्तर मिळतं, "मॅडम, कंडिशन!"

मला हा नियम साफ नामंजूर आहे. माझं म्हणणं असं की लिहिलेलं, तिकीट लावलेलं, शिक्का बसलेलं, चार हातांतून फिरलेलं कार्ड हेच खरं पोस्टकार्ड. कोरं कार्ड म्हणजे दुकानात पडून राहिलेला माल. बोला आता!

इथे येणाऱ्यांपैकी बरीच मंडळी माझ्या नात्यातली आहेत (नमस्कार मावशी, नमस्कार दादा) आणि 'ही नक्की गोळा काय करते' हा प्रश्न त्यांना कित्येक वर्षं पडलेला आहे. त्यामुळे भांडण सुरू करण्याआधी थोडी ओळख करून देते.

चित्रकाराचं नाव निकोलस रोरिक. जन्म १८७४, सेंट पीटर्सबर्ग. मृत्यू १९४७, कुलू खोऱ्यातलं नग्गर. आपल्याकडे हे नाव माहीत असतं ते हिमालयाच्या चित्रांमुळे. निळे, जांभळे, मधूनच गुलाबी पेटलेले डोंगर आणि त्यांच्यापुढे मुंगीएवढा माणूस. काहींना ते 'देविकाराणीचे सासरे' म्हणून माहीत असतात. बॉम्बे टॉकीजच्या देविकाराणीने १९४५ साली लग्न केलं ते रोरिक यांच्या धाकट्या मुलाशी, स्वेतोस्लावशी. तोही चित्रकारच.

पण माझ्या अल्बममध्ये जास्त आहे तो हिमालयात पोचण्याआधीचा रोरिक. पीटर्सबर्गच्या कला अकादमीत कुइंजीच्या हाताखाली शिकलेला, त्याच वेळी विद्यापीठात कायदाही शिकणारा, आणि उरलेल्या वेळात कुदळ घेऊन जुने दफनटेकाड उकरणारा तरुण. त्याचं 'दूत' नावाचं चित्र १८९७ मध्ये खुद्द पावेल त्रेत्याकोव्हने आपल्या संग्रहासाठी विकत घेतलं. रात्रीची नदी, एक होडी, तीत दोन माणसं, आणि वर चंद्राची कोर. मग १९०१ चं 'परदेशी पाहुणे'. निळ्याशार पाण्यातून रंगीत शिडांच्या नावा येताहेत, नाळेवर कोरलेलं श्वापद, भोवती पांढरे पक्षी. हे चित्र एकदा पाहिलं की डोक्यातून जात नाही.

ही चित्रं सामान्य माणसाच्या घरी गेली ती पोस्टकार्डांमुळे. पीटर्सबर्गमध्ये रेडक्रॉसच्या छत्राखाली परिचारिकांची एक संस्था होती, सेंट युजेनियाच्या नावाची. निधी उभा करायला त्यांनी आधी शोभिवंत लिफाफे विकले आणि १८९८ पासून चित्र-पोस्टकार्डं काढायला सुरुवात केली. पहिली चार कार्डं काराझिन या चित्रकाराच्या जलरंगांची होती. पुढे बेनुआ, बाक्स्त, बिलीबिन, दोबुझिन्स्की आणि आपला रोरिक, अशी त्या काळातली सगळी मोठी माणसं या कार्डांवर आली. छपाईही साधीसुधी नव्हती. गोलिके आणि विल्बोर्ग यांच्यासारखे उत्तम छापखाने हे काम करत. संस्थेने आणि क्रांतीनंतर तिच्या जागी आलेल्या मंडळाने मिळून तीसेक वर्षांत सहा हजारांहून जास्त वेगवेगळी कार्डं काढली. एकूण प्रती तीन कोटींच्या घरात गेल्या.

हा तीन कोटींचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता भांडण.

मुद्दा पहिला, आणि तो कोऱ्या कार्डवाल्यांना बहुधा कुणी सांगितलेलाच नाही. चित्राच्या बाजूला लिहिलेलं असलं की ते 'खराब केलेलं' कार्ड मानतात. पण १९०४ पर्यंत रशियात कार्डाच्या मागच्या बाजूला फक्त पत्ता लिहायची परवानगी होती. मजकुराला तिथे जागाच नव्हती! लिहायचं तर चित्राच्या बाजूलाच, म्हणून प्रकाशक चित्राशेजारी मुद्दाम पांढरी पट्टी सोडत. मागची बाजू मधोमध रेघ मारून विभागली गेली ती १९०४ मध्ये. ब्रिटनमध्ये हे १९०२ ला झालं, अमेरिकेत १९०७ ला. म्हणजे १९०२ सालच्या कार्डावर चित्राच्या कडेने बारीक अक्षरांत मजकूर भरलेला असेल, तर त्या माणसाने कार्ड ज्यासाठी होतं त्यासाठीच वापरलंय. ती पट्टी त्याच्यासाठीच होती. आज आपण ती पट्टी कोरी असली की खूश होतो. ज्या ताटात कुणी जेवलंच नाही ते ताट किती स्वच्छ आहे म्हणून कौतुक करण्यातला हा प्रकार.

मुद्दा दुसरा. आमच्याकडे दर दिवाळीला एक प्रश्न येतो. "हे सगळं नेटवर फुकट दिसतं ना गं? मग पैसे कशाला घालवतेस?" प्रश्न अगदी रास्त आहे, उगाच हसण्यावारी नेऊ नये. 'परदेशी पाहुणे' आज पडद्यावर पाहिलं तर ब्रशचा एकेक फटकारा मोजता येतो. नऊ बाय चौदा सेंटिमीटरच्या जुन्या कार्डावर तसं काही दिसत नाही. रंग मूळ चित्राशी जुळतीलच असं नाही, आणि तीन रंगांची छपाई असेल तर भिंगाखाली नुसते ठिपके दिसतात.

मग कोऱ्या कार्डाच्या भक्तांनी या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? त्यांच्याकडे उत्तर नाही! कारण त्यांच्या दृष्टीने कार्ड म्हणजे चित्र, आणि मागे काही नसलेलंच बरं. नुसतं चित्रच हवं असेल तर पडद्यावरचं शंभर पटीने चांगलं, फुकट आणि वाळवी न लागणारं. कोरं कार्ड जमवणारा माणूस दिवाळीच्या त्या वादात पहिल्याच फेरीत हरतो. उरतं काय, तर 'दुर्मिळ आहे'. आणि इथे तो तीन कोटींचा आकडा आठवा. एकेक कार्ड हजारोंनी छापलं गेलं, त्यातलं कोरं राहिलेलं प्रत्येक कार्ड दुसऱ्या कोऱ्या कार्डासारखंच. लिहिलेलं कार्ड मात्र जगात एकच असतं. तसलंच दुसरं कुणी कितीही पैसे टाकून आणून दाखवावं.

तेव्हा दुर्मिळपणाच्या हिशोबानेही बाजार उलटा चाललाय. आमच्या दादाच्या प्रश्नाला उत्तर आहे, पण ते कार्डाच्या मागच्या बाजूला लिहिलेलं आहे.

काय असतं मागे? माझ्याकडे 'परदेशी पाहुणे'चं एक कार्ड आहे. खोक्यातलंच, चहाच्या किमतीत मिळालेलं. चित्राच्या कोपऱ्यात शाईचा डाग. मागे पत्ता पॅरिसचा आणि तिकीट चार कोपेकचं. रशियात आतल्या आत कार्ड पाठवायला तीन कोपेक लागत, परदेशी पाठवायला चार. १९१३ मध्ये रोमानोव्ह घराण्याला तीनशे वर्षं झाली म्हणून राजांच्या चेहऱ्यांची तिकिटं निघाली, त्यात चार कोपेकवर पीटर द ग्रेट होता. माझ्या कार्डावर तोच आहे. रशियाची खिडकी युरोपकडे उघडणारा राजा, आणि कार्ड चाललंय युरोपला. हा योगायोग कुणी घडवून आणलेला नाही, निव्वळ टपालाच्या दरपत्रकाने घडवलाय.

मजकूर अगदी साधा आहे. एक बाई आपल्या बहिणीला लिहिते आहे. खोली मिळाली, दमट आहे, पण खिडकीतून नदी दिसते. खोकला कमी आहे. या चित्रातल्या नावा पाहून तुला आपलं लहानपण आठवेल. पुढच्या आठवड्यात सविस्तर लिहीन. शेवटची ओळ जागा न पुरल्यामुळे कडेने वर चढवलेली, अगदी आपल्याकडे आजी लिहायची तशी. 'आणखी काय लिहू' असं म्हणून आणखी तीन वाक्यं लिहायची तीच तऱ्हा!

रोरिकवर मी जी काही पुस्तकं चाळली आहेत, त्यांत या चित्रातला वायकिंग, स्लाव्ह, इतिहास, प्रतीकं, सगळं सापडतं. पण १९१३ साली एका खोकणाऱ्या बाईला हे चित्र पाहून लहानपणची नदी आठवली, ही माहिती जगात फक्त या एका कार्डावर आहे. चित्र लोकांनी कसं पाहिलं, कशासाठी विकत घेतलं, कुणाला आणि काय निमित्ताने पाठवलं, याची नोंद समीक्षक करत नाहीत. ती नोंद आपण 'डाग' म्हणून खोक्यात टाकतो.

तारखांचीही एक गंमत सांगते. रशियात १९१८ पर्यंत जुनं पंचांग चालू होतं, विसाव्या शतकात ते युरोपच्या तेरा दिवस मागे असे. त्यामुळे पॅरिसहून १४ मे रोजी निघालेलं कार्ड पीटर्सबर्गला ४ मे च्या शिक्क्याने पोचलेलं दिसतं. पाठवायच्या दहा दिवस आधी हजर! पहिल्यांदा असं कार्ड पाहणाऱ्याला वाटतं शिक्का खोटा. उलट तो खरा असल्याची ती खूण. शहराचं नाव पाहावं. १९१४ पर्यंत पीटर्सबर्ग, मग पेत्रोग्राद, १९२४ पासून लेनिनग्राद. छापील अक्षरं पाहावीत. शब्दाच्या शेवटी न उच्चारलं जाणारं ते जादा अक्षर असेल, तर मजकूर बहुधा १९१८ च्या लिपीसुधारणेआधीचा. पहिल्या महायुद्धातल्या कार्डावर सेन्सॉरचा शिक्का असू शकतो. कोऱ्या कार्डावर यातलं छापील अक्षर तेवढं मिळतं, बाकी सगळं शून्य.

मुद्दा तिसरा, आणि माझ्या मते सगळ्यांत वजनाचा. रोरिक स्वतः उत्खनन करणारा माणूस होता. इझ्वारा या त्याच्या घरच्या जहागिरीच्या आसपास जुनी दफनटेकाडं होती, त्यांत तो शाळकरी वयापासून रमला. पुढे १९१० मध्ये त्याने नोव्हगोरोदच्या किल्ल्यातही खणलं. उत्खनन करणाऱ्याला पहिला धडा शिकवतात तो असा: वस्तू उचलण्याआधी ती कुठल्या थरात, कशाच्या शेजारी, कुठल्या बाजूला तोंड करून पडली होती ते लिहून ठेव. थरातून उपटून धुऊनपुसून काचेच्या कपाटात ठेवलेलं मडकं दिसतं छान, पण ते अर्धं मुकं झालेलं असतं. अशी मडकी चोरबाजारात खूप मिळतात.

पोस्टकार्डाचा थर म्हणजे त्याची मागची बाजू. आणि हा थर उपटणारी मंडळी आपल्यातलीच आहेत. एक जमात तिकीटवाल्यांची. कार्ड पाण्यात बुडवून तिकीट सोडवून घ्यायचं आणि कार्ड फेकून द्यायचं, किंवा तसंच विकायचं. मग पत्त्याशेजारी एक पांढरा चौकोन राहतो, दात पाडलेल्या हिरडीसारखा. त्याबरोबर अर्धा शिक्का जातो, तारीख जाते, गाव जातं. दुसरी जमात 'सफाई'वाल्यांची. पेन्सिलीचा मजकूर खोडरबराने पुसून कार्ड कोरं म्हणून विकणारे. अशी कार्डं मी पाहिली आहेत. तिरप्या उजेडात धरलं की पेन्सिलीचे वळ दिसतात, अक्षर लागत नाही. शंभर वर्षं टिकलेला माणसाचा आवाज रबराच्या चुऱ्यात गेला आणि त्यावर नफा झाला. रोरिकची कार्डं जमवतो म्हणणाऱ्याने हे करावं यात मला चीड येण्यासारखं बरंच काही दिसतं.

तिसरी जमात जरा सज्जन आहे. ते कार्ड गोंदाने अल्बमात चिकटवतात किंवा लॅमिनेट करतात, जपलं जावं म्हणून. त्यांना एवढंच सांगणं की बाबांनो, कोपऱ्यांना कागदी त्रिकोण लावा, दोन्ही बाजू पाहता येतील असं ठेवा, स्वस्तातलं चिकट प्लास्टिक टाळा. गोंद मागच्या बाजूचा गळा दाबतो.

आता समोरच्यांचं म्हणणंही ऐकलं पाहिजे, नाहीतर हे भांडण एकतर्फी.

ते म्हणतात, रंगांचा अभ्यास करायचा तर कार्ड कोरं आणि उन्हापासून जपलेलं हवं. मान्य. छपाई कशी होती, पहिल्या आवृत्तीचा निळा दुसऱ्या आवृत्तीत का बदलला, हे पाहायला स्वच्छ प्रती लागतात. संग्रहालयांनी त्या जरूर ठेवाव्यात. पण बाजारातले किती ग्राहक आवृत्त्यांचे निळे ताडून पाहतात? आणि आठ कोऱ्या कार्डांमागे एकही वापरलेलं कार्ड न ठेवणाऱ्या अल्बमला अभ्यास कसा म्हणायचा?

दुसरा आक्षेप मावशीचा आहे आणि तो जास्त अवघड आहे. ती म्हणते, "मेलेल्या माणसांची पत्रं वाचायची म्हणजे कसंतरीच वाटतं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये असंच शिकवलं ना तुला?" शिकवलं, खरंय. यावर माझं उत्तर असं. रशियात पोस्टकार्डाला 'उघडं पत्र' म्हणत, कित्येक जुन्या कार्डांवर तेच शब्द छापलेले असतात. लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक असायचं की पोस्टमन वाचणार, घरमालकीण वाचणार, शेजारी वाचणार. खरं गुपित असलं तर लोक पाकीट वापरायचे. आपल्याकडे वेगळं काय होतं? गावात पोस्टमनच कार्ड वाचून दाखवायचा. कार्डाचा कोपरा फाटलेला दिसला की आतलं वाचायच्या आधी घरात रडारड सुरू व्हायची. उघडं पत्र हा एक वेगळाच प्रकार आहे, अर्धा खाजगी आणि अर्धा चावडीवरचा. तरीही मावशीच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून मी एक पथ्य पाळते. पत्त्यावरची नावं मी इथे लिहीत नाही. त्या बहिणींचं नाव मला माहीत आहे, तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. वाचायचं, पण अदबीने. पुसून टाकणं ही काही अदब नव्हे.

तिसरा आक्षेप, 'लोकांनी छापील चित्रावर काहीतरी खरडलं तर त्यात कलेचं काय?' याला उत्तर आपल्या घरचंच आहे. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेली. पुष्कळ घरांतल्या बायकांनी त्या छापील चित्रांवर जर लावली, टिकल्या चिकटवल्या, देवीला खऱ्या कापडाचं लुगडं नेसवलं. 'कंडिशन'च्या हिशोबाने हा विध्वंसच! पण आज त्या नटवलेल्या चित्रांचा शोध घेत संग्राहक फिरतात, त्यांच्यावर अभ्यास होतो, कारण छापील लक्ष्मी हजारोंची आणि नटवलेली लक्ष्मी त्या एका घरची. जे शहाणपण आपल्याला जरीच्या बाबतीत सुचलं ते शाईच्या बाबतीत का सुचत नाही?

(रविवर्मा आणि रोरिक एकाच यादीत आहेत, हे जाता जाता. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलासंपत्तीच्या कायद्याखाली आपल्या सरकारने नऊ चित्रकारांच्या कलाकृती राष्ट्राचा ठेवा ठरवल्या आहेत, त्या देशाबाहेर विकता येत नाहीत. त्या नवांत रोरिक हा एक. १९७४ मध्ये त्याच्या जन्मशताब्दीला आपल्या टपाल खात्याने तिकीटही काढलं होतं.)

हिमालयवाल्या रोरिकच्या कार्डांनाही हाच न्याय लावा. रोरिक १९१८ नंतर फिनलंड, लंडन, अमेरिका करत १९२३ च्या अखेरीस भारतात आला, १९२८ पासून नग्गरला राहिला. मायदेशात त्याच्या नावाला पुन्हा मान मिळाला तो १९५७ मध्ये थोरला मुलगा युरी परतला आणि पुढच्या वर्षी मॉस्कोत प्रदर्शन भरलं तेव्हा. त्यानंतर त्या डोंगरांची कार्डं सोव्हिएत छापखान्यांतून भरपूर निघाली. मागे प्रतींची संख्या आणि किंमत छापलेली असते. आज ती कार्डं काही लोक ध्यानाच्या खोलीत लावतात, वर एखादं सुविचारछाप वाक्य डकवून. लावू देत बापडे. पण माझ्याकडे त्याच डोंगराचं एक कार्ड आहे, मागे लहान मुलाच्या हातचं, तिरकं आणि चुका असलेलं: आजी, नव्या वर्षाच्या शुभेच्छा, मला गणितात चार मिळाले. (तिथे पाचपैकी गुण देत.) कुलूचा डोंगर एका नातवाने आजीला पाठवला आणि खाली गणिताचे गुण लिहिले. रोरिकला जे हवं होतं, कला राजवाड्यांतून निघून रोजच्या जगण्यात यावी, ते याहून वेगळं काय असणार? सुविचाराची चौकट याच्यापुढे फिकी आहे.

शेवटचा मुद्दा जपणुकीचा. रोरिकच्या नावाचा एक करार आहे. युद्धातसुद्धा संग्रहालयं, देवळं, ग्रंथालयं, विद्यालयं यांना हात लावू नये म्हणून १५ एप्रिल १९३५ रोजी वॉशिंग्टनला अमेरिका खंडातल्या देशांनी त्यावर सह्या केल्या. स्वतंत्र भारताने त्याला १९४८ मध्ये मान्यता दिली. १९५४ च्या हेग कराराच्या प्रस्तावनेतही त्याचा उल्लेख आहे. आणि त्याच रोरिकच्या गुरूच्या नावाचं, कुइंजीचं, संग्रहालय मारिउपोल या त्याच्या जन्मगावी मार्च २०२२ मध्ये बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालं. करार केले म्हणजे भिंती वाचतात असं नाही. भिंती पडल्यावर जे उरतं ते बहुतेक वेळा विखुरलेलं असतं: कुणाच्या तरी ट्रंकेत, परगावी गेलेल्या बहिणीच्या खणात. टपालात पडलेली कार्डं म्हणूनच महत्त्वाची. ती आपल्या गावातून वेळेवर निघून गेली होती. पॅरिसला गेलेलं माझं कार्ड क्रांतीतून, यादवीतून, लेनिनग्राडच्या वेढ्यातून वाचलं, कारण चार कोपेकचं तिकीट लावून ते आधीच बाहेर पडलं होतं.

मग जपायचं काय? मोठ्या चित्रांना पहारेकरी आहेत, कायदे आहेत, विमे आहेत. खोक्यातल्या कार्डाला कुणीही नाही. 'कंडिशन' बघणाऱ्या ग्राहकाने आज जे नाकारलं ते उद्या रद्दीत जातं. बाजार ज्याला भाव देत नाही ते कुणी जपत नाही, एवढा सरळ हिशोब आहे. म्हणून मी बाजारावर रागावते. भाव ही नुसती किंमत नसते, काय टिकेल आणि काय फेकलं जाईल याची ती यादी असते.

आणि इथे हा विषय रशियातून थेट आपल्या घरात येतो. वाडे पडताहेत, फ्लॅट रिकामे होताहेत. जुन्या घरात दाराशेजारी आकडा असलेली तार असायची आणि तिच्यात पत्रं ओवलेली असायची. सर्वांत खाली सगळ्यांत जुनं. घर आवरताना काय राहतं आणि काय जातं ते मी नात्यातल्या तीन घरांत पाहिलंय. कोरे लेटरहेड, न वापरलेली दिवाळीची भेटकार्डं, बंद पाकिटातल्या पेन्सिली 'कामाला येतील' म्हणून राहतात. तार जाते. 'सा. न. वि. वि.'पासून 'लोभ असावा'पर्यंत चाळीस वर्षांचं घर किलोच्या भावाने जातं, कारण त्यावर लिहिलेलं होतं! वापरलेलं म्हणजे संपलेलं, हीच ती बाजाराची समजूत, फक्त रशियन चित्राऐवजी आपल्याच आजोबांच्या अक्षरावर चालवलेली.

तेव्हा दोन मागण्या. जमवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, पुढच्या प्रदर्शनात टेबलावरचं प्लास्टिक सोडा आणि टेबलाखालचं खोकं मागा. विकणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात लिहिलेल्या कार्डाचा भाव विचारा. चार लोकांनी विचारलं की पाचवं कार्ड रबराखाली जाणार नाही. आणि फोटो टाकाल तेव्हा दोन्ही बाजूंचे टाका, नुसत्या चित्राचे नकोत (नावं झाकून).

नातेवाईक मंडळींनो, तुमच्यासाठी एकच. तार फेकू नका. जागा नसेल तर मला कळवा, मी येऊन घेऊन जाईन, रिक्षाचे पैसे माझे.

आणि हो, काकांनी मागच्या वाढदिवसाला मला रोरिकचं एक जुनं कार्ड दिलं ते कोरं होतं, 'तू कार्डं जमवतेस म्हणून मुद्दाम काही लिहिलं नाही' असं म्हणाले. काका, पुढच्या वेळी लिहा. शाईने लिहा, जागा संपली तर कडेने वर चढवा, तिकीट लावा आणि पेटीत टाका.